आधी टायर, मग मोटर

उत्तरायण आटोपली, पतंग माळ्यावर गेले आणि बडोद्यात रिमोटच्या गाड्या पुन्हा मैदानावर आल्या. वाचकांच्या या वेळच्या बहुतेक प्रश्नांत घाई एकाच गोष्टीची दिसते, वेगाची. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबवलं आहे.

काका, मी अकरावीत आहे. माझ्याकडे एकास दहा मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक आहे, जोर फक्त मागच्या चाकांना. सोबत ब्रशची मोटर आणि निकेलची बॅटरी आली होती. आता ब्रशलेस मोटर आणि थ्री-एस, म्हणजे तीन सेलची, लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी बसवायची आहे. आणखी काय काय घ्यावं लागेल? (मांजलपूर)

घ्यावं लागेल बरंच, पण मोटर त्यात शेवटी येते. तू गाडी नवलखी मैदानावर चालवतोस असं लिहिलं आहेस. तिथली माती टणक आणि वर बारीक धूळ. अशा जमिनीवर सोबत आलेले कडक टायर आत्ताच्या मोटरवरही घसरत असणार. जोर वाढवलास तर चाकं जागच्या जागी जास्त फिरतील आणि वळणावर गाडी गिरकी घेईल. मऊ रबराचे, बुटक्या आणि दाट खुंट्यांचे टायर घे, आत चांगला फोम आहे ना ते बघ आणि टायर रिमला नीट चिकटव. सगळ्यात जास्त फरक तुला इथेच जाणवेल.

मग बेअरिंग. स्वस्त गाड्यांत चाकांच्या आसांवर प्लास्टिकच्या किंवा पितळी बुश, म्हणजे साध्या कड्या, असतात. त्यांच्या जागी बॉल बेअरिंग घातले की त्याच बॅटरीवर गाडी मोकळी पळते आणि मोटर कमी तापते. त्यानंतर मोटर तीच ठेवून टू-एस लायपो लाव. कागदावर ७.२ व्होल्टच्या निकेलऐवजी ७.४ व्होल्ट, म्हणजे फरक नगण्य. पण निकेलची बॅटरी जोर मागितला की दबते, लायपो फारशी दबत नाही, म्हणून गाडी एकदम जिवंत वाटते. फक्त ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीत) लायपोची सेटिंग आहे का आणि ती चालू आहे का, हे आधी पाहा. ती नसेल तर बॅटरी प्रमाणाबाहेर उतरेल आणि कायमची जाईल.

एवढं करून महिनाभर चालव. तरी ब्रशलेस हवीच असेल तर हा हिशेब कर. ३३०० केव्हीची मोटर म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे, भार नसताना. पूर्ण चार्ज टू-एस ८.४ व्होल्ट देते, म्हणजे सुमारे २७,७००. थ्री-एस १२.६ व्होल्ट देते, म्हणजे ४१,५०० च्या वर. हा सगळा जोर प्लास्टिकच्या स्पर गिअरमधून (मोटरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरमधून), प्लास्टिकच्या शाफ्टमधून चाकाकडे जाणार. तेव्हा मोटरसोबत लोखंडी शाफ्ट आणि एक-दोन जादा स्पर गिअर हवेतच. स्लिपर क्लच (झटका बसला की थोडा घसरणारा क्लच) असेल तर तो नीट लावून घे. पूर्ण आवळून ठेवलास तर झटका थेट दात्यांवर येईल. जुना पांढरा कनेक्टर इतका प्रवाह सोसत नाही, वितळतो. एक्सटी-६० जातीचा कनेक्टर लाव आणि डाग देताना सोल्डरिंग आयर्न पुरेसं तापू दे. थंड डाग वरून चकचकीत नसतो, पहिल्या उडीत सुटतो.

पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) लहान घेऊनच सुरुवात कर. पाच मिनिटं चालवून मोटरचं तापमान मोज. ८० अंशांच्या पुढे जात असेल तर पिनियनचे एक-दोन दाते आणखी कमी कर. फार तापलेल्या ब्रशलेस मोटरच्या चुंबकाचा जोर कायमचा उतरतो. पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दोन्ही जवळ आण, स्क्रू आवळ, पट्टी काढ. एवढं अंतर बरोबर असतं.

आणि थ्री-एस? तुझ्या गाडीला मी देणार नाही. संध्याकाळी त्या मैदानावर लहान मुलं असतात, दोन-अडीच किलोंची गाडी त्या वेगात सुटली तर कुणाचा पाय मोडेल.

क्रॉलरला (दगडांवर चढणाऱ्या गाडीला) मोठे टायर आणि पुढे पितळी वजनं घातली. आता दगडांत अडकून स्टिअरिंग वळवलं की गाडी क्षणभर मरते आणि पुन्हा सुरू होते. रिमोट बदलू का? (अकोटा)

रिमोट शाबूत आहे. पितळी वजन खाली आणि पुढे घातलंत हे उत्तमच, चढावर गाडी मागे उलटत नाही. पण तेवढ्या वजनाची चाकं दगडाच्या फटीत वळवताना सर्वो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) पूर्ण ताकद लावतो आणि तेव्हा तो दोन-तीन अँपियर किंवा त्याहूनही जास्त ओढतो. ईएससीतला छोटा बीईसी (सर्वो आणि रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग) तेवढा देऊ शकत नाही, व्होल्टेज पडतं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो. सर्वोसाठी वेगळा बीईसी लावा आणि तो सर्वोवर लिहिलेल्या व्होल्टेजलाच बांधा. सर्वोही किमान २० किलो ताकदीचा, धातूच्या गिअरचा हवा. सर्वोचा हॉर्न (त्याच्या आसावरचा छोटा दांडा) प्लास्टिकचा ठेवू नका. शेवटी रिमोटवर दोन्ही बाजूंची वळण्याची हद्द लावा, म्हणजे चाक अडल्यावर सर्वो उगाच रेटत बसणार नाही.

टायर मोठे केले की गिअरही बदलतो, हे बहुतेकजण विसरतात. १०० मिलिमीटरचं चाक १२० चं केलंत तर गाडी २० टक्के उंच गिअरमध्ये गेल्यासारखी होते. १८ दात्यांचा पिनियन असेल तर १५ चा घाला, मूळची ओढ परत येईल.

पावागडला जाणार म्हणता, तर पायथ्याच्या मोकळ्या खडकांवर जरूर जा. चांपानेरच्या जुन्या बांधकामांच्या दगडांवर मात्र गाडी चढवू नका. तो परिसर २००४ पासून जागतिक वारसा आहे.

मुलाच्या ट्रकचा पुढचा आर्म (चाक धरणारी दांडी) दोनदा मोडला. तो ॲल्युमिनियमचे आर्म मागतो आहे. घ्यावेत का? (कारेलीबाग)

नको, ताई. चांगल्या नायलॉनचे घ्या. नायलॉन वाकून परत येतं. ॲल्युमिनियम वाकतं आणि तसंच राहतं, नाहीतर तो धक्का आत पाठवतं आणि मग गिअरबॉक्सचं घर तडकतं. ते आर्मपेक्षा कितीतरी महाग. धातू नकलला (चाकाजवळच्या वळत्या सांध्याला) चालतो, शॉकच्या टोप्यांना चालतो. आणि मुलाला विचारा, फुटपाथच्या कडेवर समोरून आदळतो का? दोनदा तोच आर्म मोडला म्हणजे बहुधा तेच.

माझा ट्रक वॉटरप्रूफ आहे. विश्वामित्रीच्या काठच्या चिखलात चालवला तर चालेल? (दांडिया बाजार)

चालणार नाही, आणि कारण गाडीचं नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि थंडीत त्या ऊन खायला काठावरच येऊन पडतात. २०१९ आणि २०२४ च्या पुरात त्या वस्तीत आल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. चिखलात रुतलेली गाडी काढायला माणूस वाकतो, पाण्याकडे पाठ करतो. एकही मुलगा त्या काठावर जायला नको.

चिखलच हवा असेल तर नळाच्या पाण्याने अंगणात करा. वॉटरप्रूफ म्हणजे ईएससी, सर्वो आणि रिसीव्हरची डबी, एवढंच, बेअरिंग गंजतातच. खेळ झाला की साध्या पाण्याने धुवा, वाळवा, प्रत्येक बेअरिंगला पातळ तेलाचा थेंब द्या. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते, तेव्हा धुणं त्याच दिवशी.

संक्रांतीनंतर मागचं एक चाक जड फिरतं आहे. आवाज नाही, काही मोडलेलंही दिसत नाही. (वाडी)

मांजा. चाक काढा, हेक्स (चाकामागचा षटकोनी तुकडा) काढा, ॲक्सलवर गुंडाळलेला दोरा सापडेल. तो बेअरिंगच्या झाकणात शिरतो आणि झाकण कापतो, मग आत धूळ जाते. ब्लेडने कापून चिमट्याने काढा, हाताने ओढू नका, काचेचा मांजा बोट चिरतो. ते बेअरिंग बदलूनच टाका. फेब्रुवारी संपेपर्यंत प्रत्येक फेरीनंतर चारही चाकं तपासा.

नातू लायपो घरात चार्ज करतो. आमचं घर जुनं, जिना लाकडी. मला भीती वाटते. ती अनाठायी आहे का? (रावपुरा)

आजोबा, भीती रास्त आहे आणि नातवाने ती ऐकायला हवी. त्याला बॅलन्स चार्जर घेऊन द्या, जो प्रत्येक सेल वेगळा पाहतो आणि ४.२ व्होल्टला थांबतो. ५००० एमएएचची बॅटरी असेल तर चार्ज ५ अँपियरने, त्याहून घाईने नाही. जागा फरशीवर, जिन्यापासून आणि पडद्यांपासून लांब, बॅटरी आगरोधक पिशवीत. मैदानावरून आलेली गरम बॅटरी आधी थंड होऊ द्या. आठवडाभर वापरायची नसेल तर दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवावी, चार्जरमध्ये त्याची वेगळी सोय असते. आणि उन्हाळ्यात गच्चीवर किंवा बंद मोटारीत कधीच नको.

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. रात्री चार्जला लावून झोपणं बंद करा. संध्याकाळी, घरात कुणीतरी त्याच खोलीत बसलेलं असतानाच लावायची.