कॉकटेल : कोंबड्यापेक्षा घोड्याचंच शेपूट

‘कॉकटेल’चा शब्दशः अर्थ कोंबड्याचं शेपूट. मग मिश्र मद्याला हे नाव कसं पडलं, आणि औषधांच्या मिश्रणालाही तोच शब्द वापरणं चूक नाही का, असा प्रश्न आहे.

गंमत म्हणजे १८०६ साली एका वाचकाला असंच कोडं पडलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका साप्ताहिकात हा शब्द आला, ‘ही काय चीज आहे?’ म्हणून त्याने संपादकाला विचारलं, आणि १३ मेच्या अंकात उत्तर छापून आलं : कोणतीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स यांचं उत्तेजक पेय. बिटर्स म्हणजे मद्यात मुरवलेला मुळ्या-सालींचा कडू अर्क. थोडक्यात, तेव्हा कॉकटेल हे एकाच ठरावीक पेयाचं नाव होतं. पुढे बारवाले त्यात नाना लिकर (गोड, स्वादाची मद्यं) घालू लागले, तेव्हा काही गिऱ्हाइकं ‘आम्हाला जुन्या पद्धतीचंच द्या’ म्हणून अडून बसली. ‘ओल्ड फॅशन्ड’ हे नाव त्यातूनच आलं.

आता शेपूट. गाडीच्या घोड्यांचं शेपूट छाटत. उरलेला बुंधा कोंबड्याच्या शेपटासारखा वर राही, म्हणून तो घोडा कॉकटेल. अस्सल वंशाच्या घोड्याचं शेपूट छाटत नसत. त्यामुळे शर्यतींच्या बोलीत कॉकटेल म्हणजे मिश्र रक्ताचा घोडा, आणि तिथून मिश्र दारू, असा एक तर्क. दुसरा तर्क जरा वात्रट आहे. विकायला काढलेल्या घोड्याने शेपूट ताठ धरावं म्हणून व्यापारी त्याच्या मागच्या बाजूला आलं लावत. १७९८ च्या एका लंडनच्या वृत्तपत्रात कॉकटेलचं गावंढळ भाषेतलं नाव ‘आलं’ (जिंजर) असं दिलंय! शेपूट ताठ करणारं, म्हणजे तरतरी आणणारं पेय, ही व्युत्पत्ती मला जास्त पटते. सिद्ध मात्र दोन्ही नाहीत.

न्यू ऑर्लिन्सच्या पेशो नावाच्या औषधविक्रेत्याने अंड्याच्या कपात, फ्रेंच ‘कोकतिए’त, पेय दिलं आणि त्याचं कॉकटेल झालं, ही कथा सोडून द्या. तो दुकान थाटण्याच्या कितीतरी आधी शब्द छापला गेला होता.

औषधांचं म्हणाल, तर ‘तेल’ आठवा. मूळ अर्थ तिळाचं ते तेल; आज आपण बिनदिक्कत शेंगदाण्याचं तेल म्हणतो, इतकंच काय, खनिज तेलही. कॉकटेलनेही तसंच आधी बिटर्स सोडले, मग दारूही सोडली. फळांचं झालं, १९३९-४० च्या हिवाळी युद्धात फिनलंडच्या सैनिकांनी पेटत्या बाटल्यांना सोव्हिएत परराष्ट्रमंत्र्यांच्या नावाने ‘मोलोतोव कॉकटेल’ म्हटलं, आणि औषधांचंही झालं. तेव्हा ‘अँटिबॉडी कॉकटेल’ खुशाल लिहा. फक्त ‘मिश्र कॉकटेल’ लिहू नका. तिथे ‘मिश्र’ला काही कामच उरत नाही.