बाउंडरी वॉटर्स ते क्वेटिको: आधी चौघांचे पासपोर्ट समोर ठेवा

तुमचा प्रश्न असा: मिनियापोलिसमधले तुम्ही चौघे मित्र. एक अमेरिकन नागरिक, दोघे ग्रीन कार्डवाले आणि तुम्ही स्वतः एच-वन-बीवर. ऑगस्टमध्ये उत्तर मिनेसोटातल्या ईली गावाहून कनू (वल्ह्याची अरुंद होडी) घेऊन बाउंडरी वॉटर्स या तळ्यांच्या राखीव जंगलातून थेट पलीकडच्या, कॅनडातल्या क्वेटिको उद्यानात शिरायचंय. परवाने कोणते, आणि कुठल्या क्रमाने काढायचे?

जंगलाचे परवाने नंतर. आधी चौघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवा, आणि ज्याचा कागद सगळ्यात कच्चा त्याला धरून मार्ग आखा. तुमच्या गटात ते तुम्हीच आहात.

इथली सीमा तळ्यांच्या मधून जाते. बासवुड, नाइफ, सागानागा, सगळी अर्धी इकडे, अर्धी तिकडे. पाण्यावर ना रेघ, ना कुंपण. सीमेवरच्या प्रेअरी पोर्टेज या ठिकाणी क्वेटिकोचं रेंजर स्टेशन आहे, पण तिथले रेंजर उद्यानाचा परवाना बघतात. तुम्हाला देशात घेणं हे त्यांचं काम नाही. आजवर इथून वल्हवत जाणारे लोक कॅनडाचा ‘रिमोट एरिया बॉर्डर क्रॉसिंग’ परवाना आधीच काढून ठेवायचे. तो मिळतो फक्त या दोन देशांच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. एच-वन-बीवाल्याला तो कधीच मिळत नव्हता. शिवाय ही पद्धतच सप्टेंबर २०२६ मध्ये बंद करायचं कॅनडाने जाहीर केलंय, तेव्हा जुनी प्रवासवर्णनं वाचून तुमच्या मित्रांनीही तिच्यावर विसंबू नये.

काही वर्षांपूर्वी आम्ही नेमके इथेच चुकलो. सह्याद्रीत शुक्रवारी रात्री ठरवायचं आणि शनिवारी पहाटे किल्ल्याचा पायथा गाठायचा, ही आमची सवय. इथे निदान परवाने तरी वेळेत काढले म्हणून आम्ही खूश होतो. आमच्यातल्या एकाचा कॅनडाचा व्हिसा निघायचाय, हे मे महिना संपताना लक्षात आलं. तो वेळेत आला नाही. आम्ही त्याला मागे ठेवून जाणार नव्हतो, म्हणून क्वेटिको सोडलं आणि नाइफ लेकच्या अमेरिकन काठावर पाच रात्री काढल्या. समोरचा किनारा कॅनडाचा. संध्याकाळी लून पक्ष्याची हाक तिकडून यायची आणि तो मित्र गप्प बसून ऐकायचा. त्याचं ते बसणं मला अजून आठवतं, म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

तुम्हाला भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागेल. अर्ज ऑनलाइन, फी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे द्यायचे असतील तर आणखी ८५. ठसे एकदा दिले की दहा वर्षं चालतात. तारखा ठरायच्या आधीच अर्ज टाका. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा लागत नाही, मात्र चालू पासपोर्ट आणि मूळ ग्रीन कार्ड दोन्ही जवळ हवं. फोनमधला फोटो चालणार नाही.

आता मार्ग. ईलीहून पाण्यावाटे जायचा हट्ट सोडा. गाडीने इंटरनॅशनल फॉल्सला जा, पूल ओलांडून फोर्ट फ्रान्सिसच्या चौकीवर रीतसर तपासणी करून घ्या, मग हायवे ११ ने पूर्वेकडे अटिकोकान आणि त्याच्यापुढे फ्रेंच लेक. तिथल्या डॉसन ट्रेल प्रवेशद्वारातून पिकरेल लेकमध्ये उतरता येतं. क्वेटिकोचा हा उत्तरेचा दरवाजा. परतही त्याच चौकीवरून या, म्हणजे अमेरिकेत शिरतानाही अधिकारी समोर असेल. तुमच्या पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा संपला असेल, पण आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद) चालू असेल, तर कॅनडात तीस दिवसांच्या आतली फेरी करून परत येता येतं. अट अशी की त्या फेरीत नवीन व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. आय-९४ ची छापील प्रत जवळ ठेवा.

कोणी सांगेल की १८४२ च्या वेबस्टर-अ‍ॅशबर्टन करारानुसार सीमेवरची पाणवाट आणि नेहमीची पोर्टेजेस सगळ्यांना खुली आहेत. (पोर्टेज म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू खांद्यावर घेऊन चालायची वाट.) करार खराच आहे, मॉन्युमेंट पोर्टेजवर त्या सीमेचे धातूचे खांब वाटेलगत उभे आहेत. पण करारात शब्द आहेत ‘दोन्ही देशांचे नागरिक आणि प्रजाजन’. भारतीय पासपोर्टवाल्याने त्यावर भिस्त ठेवू नये.

क्वेटिकोचं आरक्षण ऑन्टॅरिओ पार्क्सकडे पाच महिने आधी उघडतं, म्हणजे ऑगस्टसाठी मार्चमध्ये. प्रत्येक प्रवेशद्वारातून रोज ठरावीक गटच सोडतात. मासे धरायचे असतील तर ऑन्टॅरिओचा वेगळा परवाना, आणि क्वेटिकोत बिनकाट्याचा गळ लागतो, जिवंत आमिष चालत नाही.

व्हिसाचं जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, बाउंडरी वॉटर्स एकटंच जन्मभर पुरेल: हजाराहून जास्त तळी. १ मे ते ३० सप्टेंबर मुक्कामासाठी कोट्याचा परवाना लागतो, आरक्षण जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी सुरू होतं आणि मूस लेकसारखी नावाजलेली प्रवेशद्वारं चटकन भरतात. आरक्षणाचे ६ डॉलर, शिवाय मोठ्या माणसामागे १६. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. परवाना प्रवेशाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी हातात घ्यायचा, तोही ज्याचं नाव आरक्षणात आहे त्यानेच, फोटो ओळखपत्र दाखवून. म्हणून गटप्रमुखाखेरीज पर्यायी नावंही आरक्षण करतानाच घाला. आमचा प्रमुख त्या वेळी आजारी पडला होता, आणि दुसरं नाव होतं म्हणूनच आम्ही पाण्यात उतरलो.

दोन्हीकडे खाण्यापिण्याच्या पत्र्याच्या डब्यांना आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे. आपल्याला त्याचं काय! भाजणी, मेतकूट, गूळ-दाण्याचे लाडू, सुकं पिठलं कापडी पिशव्यांत भरा. रात्री मात्र सगळं अन्न अस्वलाच्या हाती लागणार नाही असं झाडाला उंच टांगा, नाहीतर अस्वलाला न उघडणारा डबा भाड्याने घ्या.

कॅनडाच्या पाण्यात कनूमध्ये प्रत्येकाचं लाइफ जॅकेट, शिटी, पाणी उपसायचं भांडं आणि १५ मीटरची तरंगती दोरी असावी लागते. कनू भाड्याने घेताना दोरी मोजून घ्या.