हॉलच्या एका भिंतीला गडद टील रंग दिला तर खोली लहान दिसेल का? सोबत सोफा-पडदे कोणते घ्यावेत?

दिसेल थोडी लहान. मग? हॉलमध्ये क्रिकेट खेळायचंय का?

आमचा फ्लॅट पंचवटीत, हॉल दहा बाय चौदा. चार वर्षांपूर्वी सोफ्यामागची लांब भिंत टील केली, म्हणजे आपला मोरपिशी. बाकी तीन पांढऱ्याच. दोन हात मारून पेंटर म्हणाला, झालं. दिवसा बरं दिसत होतं. संध्याकाळी ट्यूब लावली आणि रोलरचे पट्टे एकेक करून वर आले, शेजारी पुट्टीचे ठिपके. गडद शेडच्या बेसमध्ये पांढरं पिगमेंट कमी असतं, म्हणून तो खालचं लवकर झाकत नाही, हे मला नंतर कळलं. आणि नेमके त्याच संध्याकाळी दाजी आले.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, निफाडकडचे द्राक्षबागायतदार. चप्पल काढता काढताच म्हणाले, "काय रे, भिंतीला बोर्डो मारला? घरात डाऊनी आला का काय?" बोर्डो म्हणजे द्राक्षावर फवारायचं निळसर औषध, आणि डाऊनी म्हणजे ज्यासाठी ते फवारतात तो वेलीचा रोग. सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त, आणि शेडकार्डावर बोट तिनेच ठेवलं होतं! तेव्हापासून नातेवाइकांत आमच्या हॉलचं नाव 'बोर्डो'.

आता मला सांगा, 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, हा झाला एक टक्का बोर्डो. चुना पडला की तो आकाशी होतो. आकाशी! माझी भिंत मोरपिशी आहे. उभा जन्म फवारणीत गेलेल्या माणसाला एवढा फरक कळू नये? बरं, टील हे मुळात बदकाचं नाव. नराच्या डोळ्यावरून मागे जो चकचकीत पट्टा जातो, त्यावरून रंगाला ते पडलं. थंडीत ही बदकं नांदूरमध्यमेश्वरला उतरतात, दाजींच्याच तालुक्यात. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग बदकाला दे रंग." त्यांच्या बंगल्यात देवघरापासून जिन्यापर्यंत एकच क्रीम कलर आहे. क्रीम हा रंग नाही, ठरवता न आल्याची कबुली आहे.

दुसऱ्या दिवशी तिसरा हात मारून घेतला. पेंटर कुरकुरला, वरचे पैसे घेतले, पण पट्टे गेले. चार लिटरच्या डब्यात तळाशी थोडा उरला. तुम्ही आधीच तीन हातांचं बोलून ठेवा आणि खाली राखाडी झाक असलेला प्रायमर मागा. शेडकार्डाच्या टिकलीवर जाऊ नका. दोन बाय दोन फूट रंगवून रात्री बघा. पिवळ्या दिव्यात हा रंग हिरव्याकडे झुकतो, पांढऱ्यात निळ्याकडे. आमच्याकडे दोन्ही दिवे आहेत, त्यामुळे पाहुण्यांत वाद होतात. होऊ देत.

हे आधी सांगायला हवं होतं: भिंतीला ओल असेल तर हात लावू नका. गडद रंगावर पांढरा खार फुटलेला लांबून दिसतो. आणि मॅट घेतलात तर सोफ्याची पाठ घासून चरे पडतात, आमच्याकडे पडलेत. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारा, जाताना तो रंग झाकायला पुन्हा दोन-तीन हात लागतील.

सोफ्याचं म्हणाल तर आमचा जुना तपकिरी होता, तोच ठेवलाय. पडदे बायकोने आणले, मोहरीच्या रंगाचे. दाजी म्हणाले, हे बरं दिसतं.