दूध वर्ज्य असलेल्या मुलांचे दात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध पोटात गेले की काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात. एकदा ओठही सुजले होते. आता त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांवर हिरडीलगत पांढरे डाग दिसू लागले आहेत. दंतवैद्यांनी दातांना लावायला क्रीम दिले, पण खोक्यावर दुधाचा उल्लेख दिसल्याने आम्ही ते उघडलेले नाही. हे क्रीम गिळायचे नसते, मग ते चालेल का? आणि हे डाग दूध न मिळाल्यामुळेच आले असतील का? – एक आई, सांगली

उत्तर : ते क्रीम वापरू नका आणि शक्य तितक्या लवकर दंतवैद्यांना परत करून कारण सांगा. आपण खोके वाचलेत हे फार चांगले केलेत. अशा क्रीममध्ये केसीन फॉस्फोपेप्टाइड हा घटक असतो. लेबलवर तो ‘सीपीपी-एसीपी’ किंवा ‘रिकॅलडेंट’ या नावानेही लिहिलेला आढळतो. मेलबर्न विद्यापीठातील संशोधनातून आलेला हा पदार्थ दुधातल्या केसीन या प्रथिनापासूनच तयार होतो. तो कॅल्शियम आणि फॉस्फेट यांना दाताच्या पृष्ठभागाशी विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवतो, त्यामुळे झिजू लागलेल्या इनॅमलला, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाला, ते परत मिळतात. इतर मुलांसाठी हे औषध उपयोगी आहे. आपल्या मुलासाठी मात्र ते वर्ज्य आहे. लहान मूल दातांना लावलेले क्रीम थोडेफार गिळतेच, आणि तोंडाच्या आतल्या त्वचेशी नुसता संपर्क आला तरी प्रतिक्रिया उमटू शकते. २०१९ साली कॅलिफोर्नियात दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या ११ वर्षांच्या मुलीचा, दंतवैद्यांनी सुचवलेली दुधाचे प्रथिन असलेली टूथपेस्ट वापरल्यानंतर मृत्यू झाला होता. (ज्यांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही त्यांची गोष्ट निराळी, त्यांना हे क्रीम चालते. दवाखान्यात ‘दूध चालत नाही’ एवढेच सांगितले तर हा फरक निसटतो, म्हणून ‘दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी’ असे स्पष्ट सांगावे आणि केसपेपरवर लिहवून घ्यावे.)

पर्याय फ्लोराइडचा आहे. सुमारे १००० पीपीएम फ्लोराइडची साधी टूथपेस्ट, वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा वापरावी, आणि दंतवैद्यांकडून फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर द्यायचा फ्लोराइडचा पातळ लेप, लावून घ्यावे. काही वार्निशांतही हाच केसीनचा घटक असतो, तेव्हा लावण्यापूर्वी विचारावे. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर दुधाचा उल्लेख ठळकपणे करणे कायद्याने बंधनकारक आहे; टूथपेस्ट हा खाद्यपदार्थ नसल्याने तिच्यावर तशी ओळ असेलच असे धरून चालू नये. घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी.

आता डागांविषयी. वरच्या पटाशीच्या दुधाच्या दातांचे इनॅमल मूल दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत तयार झालेले असते. दूध त्यानंतर बंद झाले म्हणून त्यांवर आज डाग येत नाहीत. हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा पट्टा ही बहुतेक वेळा किडीची पहिली खूण असते. खालचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आधाराने बचावतात, वरचे सापडतात. म्हणून मी आपल्यालाच एक उलटा प्रश्न विचारतो : दुधाच्या जागी रात्री काय दिले जाते? आपल्याकडे बहुधा गूळ घातलेले नाचणीचे सत्त्व बाटलीतून दिले जाते आणि मूल ते चोखत झोपी जाते. सोयाच्या पावडरीत लॅक्टोजऐवजी अनेकदा मक्यापासून काढलेली साखर असते, आणि लॅक्टोजच्या तुलनेत ती दातांना अधिक घातक ठरते. बालरोगतज्ज्ञांनी पावडर सांगितली असेल तर ती बंद करू नये, परंतु पेल्यातून द्यावी आणि त्यानंतर दात घासून मगच झोपवावे. अ‍ॅलर्जीचे गोड सिरपही रात्रीचे ब्रश करण्यापूर्वीच द्यावे. दम्याचा पंप चालू असल्यास प्रत्येक वेळी चूळ भरायला लावावी.

प्रश्न : नातीला गाईचे दूध चालत नाही. शेळीचे, म्हशीचे किंवा देशी गाईचे ‘ए-टू’ दूध द्यावे का? नाहीतर दातांना कॅल्शियम कुठून मिळणार? – एक आजोबा, नाशिक

उत्तर : यांपैकी कोणतेही देऊ नये. शेळी आणि म्हैस यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना त्यांचाही त्रास होतो. ‘ए-टू’मध्ये केसीनचा केवळ एक प्रकार बदललेला असतो. उकळल्यानेही केसीन जात नाही.

कॅल्शियमची चिंता रास्त आहे, पण ती सुटण्यासारखी आहे. ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असते. मात्र त्यातले बरेचसे कोंड्यात असते, त्यामुळे वस्त्रगाळ सत्त्वापेक्षा सबंध पिठाची भाकरी किंवा आंबील बरी. जोडीला तीळ, राजगिरा आणि मासे खाणाऱ्यांकडे काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट असावी. एवढ्याने भागेलच असे नाही. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पूरक मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी. पुष्कळ मुलांची ही अ‍ॅलर्जी पुढे ओसरते, पण तिची परीक्षा घरी घोटभर दूध पाजून घेऊ नये. ती रुग्णालयातच व्हावी.

प्रश्न : पडून तुटलेला दात दुधात ठेवून दवाखान्यात न्यावा, असे आम्हाला प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवले. माझ्या वर्गातील एका मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. त्याच्याबाबतीत काय करावे? – एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : दात मुळापासून निघाला असेल तर नेहमीचा सल्ला दुधाचाच असतो, पण या मुलाचा दात दुधात ठेवू नये; मुळाला चिकटलेले दूध हिरडीतल्या उघड्या जखमेत जाईल. दात वरच्या भागाने धरावा, मुळाला हात लावू नये, माती लागली असल्यास सलाइनने हलकेच धुवावा. कायमचा दात असेल आणि मूल सहकार्य करत असेल तर तो लगेच खाचेत बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. ते जमले नाही, तर सलाइनमध्ये किंवा मुलाच्याच थुंकीत, लहानशा डबीत ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्यांकडे पोहोचावे. साध्या पाण्यात ठेवू नये. शाळेच्या पेटीत सलाइनची लहान बाटली ठेवणे सोपे आणि स्वस्त आहे. दुधाचा दात असेल तर तो पुन्हा बसवत नाहीत. तरीही मुलाला तपासून घ्यावे आणि दवाखान्यात पाऊल टाकताच अ‍ॅलर्जीची माहिती द्यावी.