बायोशॉक इन्फिनिटच्या शेवटी एलिझाबेथ बुकरला का बुडवते?

तुम्ही विचारलंय: “बायोशॉक इन्फिनिट काल रात्री संपवला आणि शेवटची वीस मिनिटं पूर्ण डोक्यावरून गेली. बुकर आणि कॉमस्टॉक एकच माणूस कसे? एलिझाबेथ बुकरला बुडवते ते सूड म्हणून का? ते ल्युटेस बहीण-भाऊ कोणाच्या बाजूचे? आणि पुढचे डीएलसी खेळू की नको?”

हा गेम मार्च 2013मध्ये आला. तेव्हापासून मी तो चार वेळा पूर्ण खेळलोय. चौथ्यांदा खेळलो तो फक्त व्हॉक्सोफोन शोधायला, म्हणजे कोलंबिया या हवेत तरंगणाऱ्या शहरभर विखुरलेल्या त्या ध्वनिमुद्रित रोजनिशा. त्या ऐकल्याशिवाय शेवट अर्धाच कळतो आणि गोळीबाराच्या धांदलीत नेमक्या त्याच सुटतात. त्यामुळे तुमचं काही चुकलेलं नाही. ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांनी मात्र इथेच थांबा, पुढे सगळं उघड केलंय.

नेटवर या शेवटाचे बाणांनी भरलेले तक्ते सापडतात: हे विश्व, ते विश्व, इथे फाटा फुटला, तिथे जुळला. त्या तक्त्यांतून विश्वं मोजता येतात, पण त्यातली माणसं हाती लागत नाहीत. म्हणून मी कर्जापासून सुरुवात करतो.

‘मुलगी आणून दे, कर्ज फिटेल’ हे वाक्य सुरुवातीपासून कानावर पडत राहतं. जुलै 1912, मेनच्या किनाऱ्याजवळचं दीपगृह आणि पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत काम केलेला बुकर डेविट. त्याला वाटतं, आणि म्हणून आपल्यालाही वाटतं, की कुणा सावकाराने त्याला हे काम दिलंय. पण 1912मध्ये असं काम त्याला कुणीच दिलेलं नसतं. हे वाक्य त्याने ऐकलं होतं 8 ऑक्टोबर 1893 रोजी, स्वतःच्या खोलीच्या दारातून. तेव्हा मागितलेली मुलगी म्हणजे त्याचीच तान्ही ॲना. बायको बाळंतपणात गेलेली, दारू आणि जुगार यांत सगळं घालवलेलं, आणि दारात उभा शास्त्रज्ञ रॉबर्ट ल्युटेस, त्या बहीण-भावातला भाऊ. बुकरने मुलगी दिली. मग भानावर येऊन मागे धावला, पण तोवर रॉबर्ट, कोलंबियाचा प्रेषित म्हणवणारा कॉमस्टॉक आणि बाळ टेअरमधून, म्हणजे दोन विश्वांमधल्या फटीतून, पलीकडे निघाले होते. फट मिटली ती ॲनाच्या करंगळीवर. ॲना म्हणजेच पुढची एलिझाबेथ. तिच्या करंगळीवरचं ते टोपण इथून आलंय, आणि बुकरच्या हातावर डागलेली ‘ए डी’ ही अक्षरंही: ॲना डेविट.

19 वर्षांनी ल्युटेस त्याला तशाच फटीतून पलीकडच्या विश्वात घेऊन जातात. तसं ओलांडून गेलेल्या माणसाचं डोकं दोन जगांचा मेळ बसवू शकत नाही. मग ते जुन्या आठवणींच्या तुकड्यांतून नवी गोष्ट शिवून घेतं. गेम उघडताच पडद्यावर येणारं अवतरण नेमकं हेच सांगतं, पण तेव्हा त्याच्याकडे कोण लक्ष देतं? मधूनमधून नाकातून येणारं रक्त हे त्या शिवणीचे टाके उसवल्याचं लक्षण. म्हणजे स्वतःची मुलगी विकल्याची आठवण बुकरच्या डोक्यात ‘कुणाची तरी मुलगी सोडवायचं काम’ होऊन बसलेली असते. मला हा या गेममधला सगळ्यात क्रूर आणि सगळ्यात खरा भाग वाटतो.

आता कॉमस्टॉक. 29 डिसेंबर 1890 रोजी दक्षिण डकोटातल्या वुंडेड नी इथे अमेरिकी सैन्याच्या सातव्या घोडदळाने लाकोटा लोकांची कत्तल केली, त्यात बायका-मुलं मोठ्या संख्येने होती. ही खरी घटना. गेममधला कोवळ्या वयाचा बुकर त्या घोडदळात असतो. कॉमस्टॉकच्या एका व्हॉक्सोफोनमध्ये तो सांगतो, की सगळ्यांदेखत सार्जंटने त्याच्या रक्तात आदिवासी अंश असल्याचा टोमणा मारला होता, आणि आत बायका असलेले तंबू पेटवल्यावरच बाकीच्यांनी त्याला आपलं मानलं. हा एक व्हॉक्सोफोन सुटला तर त्या माणसाची किल्लीच सुटली.

कत्तलीनंतर तो नदीवर बाप्तिस्मा घ्यायला जातो. वाट फुटते ती इथे. एका वाटेवर तो पाण्यात उतरतच नाही. जे केलंय ते डुबकी मारून जाणार नाही हे त्याला कळतं, पण ते ओझं पेलायची ताकदही त्याच्यात नसते. तो बुकरच राहतो, पीत राहतो आणि शेवटी पोर विकतो. दुसऱ्या वाटेवर तो डुबकी घेतो आणि झकारी हेल कॉमस्टॉक या नव्या नावाने बाहेर येतो. नाव नवं, म्हणून पाप कोरं.

पण कोरं म्हणजे काय, ते कोलंबियातल्या हॉल ऑफ हिरोजमध्ये दिसतं. तिथे वुंडेड नीचे पुतळे आणि देखावे मांडलेत, कॉमस्टॉक शूर सेनापती म्हणून मिरवतोय. बुकरचा सैन्यातला जुना साथी कॅप्टन स्लेट चिडून सांगत राहतो, की तो लढाईत नव्हताच, डेविट होता. खेळताना आपल्याला वाटतं, कॉमस्टॉक खोटारडा आहे. खरं त्याहून वाईट आहे. तो तिथे होता, आणि ज्याची लाज वाटायला हवी होती त्याचं त्याने संग्रहालय केलं. पुढच्या वेळी या भागात घाई करू नका. शेवटाचं निम्मं उत्तर इथे मांडून ठेवलंय.

दोघं एकाच वयाचे असून कॉमस्टॉक म्हातारा दिसतो, कारण टेअरच्या यंत्राजवळ सतत राहून त्याचं शरीर पोखरलंय. कॅन्सर झालाय आणि मूलही होऊ शकत नाही. त्याच्या भविष्यवाणीला मात्र रक्ताचा वारस हवा. मग स्वतःचंच रक्त असलेलं मूल आणायचं कुठून? ज्या विश्वात आपण डुबकी घेतली नाही तिथून. म्हणून ॲना. आणि ती भविष्यवाणीही दैवी नसते. रॉबर्टची बहीण म्हणवणारी रोझलिंड स्पष्ट म्हणते, की आमच्या यंत्रातून दिसतं ते भविष्य नाही, शक्यता आहेत. टेअर उघडायच्या ॲनाच्या शक्तीचं कारणही रोझलिंडच्याच एका व्हॉक्सोफोनमधून उमगतं: मुलीचा एक बारीकसा तुकडा पलीकडच्या विश्वात राहिला, म्हणून ती दोन्हीकडची झाली.

ल्युटेस कोणाच्या बाजूचे, या प्रश्नाचं उत्तर दोघांसाठी वेगवेगळं आहे. ते जुळे नाहीत. एकाच व्यक्तीची दोन विश्वांतली रूपं आहेत, इथे बाई, तिथे पुरुष. रॉबर्ट बुकरच्या विश्वातला, आणि बुकरच्या हातून मूल घेणारा तोच. म्हणून पश्चात्तापही त्यालाच होतो. तो रोझलिंडला बजावतो, की मुलीला परत पोचवायला मदत कर, नाहीतर आपल्या वाटा वेगळ्या. रोझलिंडला यातून काही निघेल असा विश्वास नसतो. तिच्या लेखी गोष्ट आधीच लिहून झालेली आहे. ती साथ देते ती भावासाठी. कॉमस्टॉकने यंत्रात बिघाड करवून त्यांना मारायचा प्रयत्न केला तेव्हा ते मेले नाहीत, सगळ्या शक्यतांमध्ये विखुरले गेले. म्हणून ते कुठेही उगवतात, आणि म्हणून ते बुकरला पुन्हा पुन्हा आणू शकतात. जत्रेजवळचा छापा-काटा आठवतो? रॉबर्टच्या गळ्यातल्या पाटीवर छाप्याखाली रेघाच रेघा, काट्याखाली काहीच नाही. तेवढे बुकर आधी येऊन हरलेत.

मग या खेपेला काय बदललं? माझ्या मते म्हातारी एलिझाबेथ. सुटका न झालेली, शेवटी कॉमस्टॉकला शरण गेलेली, 1980च्या दशकातलं न्यूयॉर्क जाळणारी. तीच बुकरला स्वतःकडे ओढून घेते आणि सॉंगबर्डला, म्हणजे तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या अजस्र यांत्रिक पक्ष्याला, ताब्यात ठेवायची खूण लिहिलेली चिठ्ठी देते. आधीच्या प्रत्येक खेपेला सॉंगबर्ड त्याला अडवत आलेला असतो. सगळं हरून बसलेली बाई आपल्या तरुण रूपासाठी एक चिठ्ठी धाडते आणि तिथून चक्र मोडायला लागतं. चर्चांमध्ये तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता बुडवणं. तो सूड नाही. त्याआधी हवाई जहाजावर काय होतं ते आठवा. कॉमस्टॉक एलिझाबेथला सांगतो, की तुझ्या बोटाचं काय झालं ते ह्यालाच विचार. बुकर त्याचं डोकं बाप्तिस्म्याच्या पात्रावर आपटतो आणि त्याच पाण्यात त्याला बुडवून मारतो. तिचं बोट तू तोडलंस आणि आता माझ्या माथी मारतोस, असं ओरडत. तो खोटं बोलत नसतो, त्याला आठवतच नाही. मग सायफन, म्हणजे एलिझाबेथची शक्ती रोखून धरणारं यंत्र, कोसळतो, एलिझाबेथला सगळी दारं दिसू लागतात, आणि ती त्याला 1893च्या खोलीत नेते. तिथे तुम्ही कितीही वेळ रेंगाळा, बाळ दिल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. ती त्याला तसं सांगतेही. बटण तुम्हालाच दाबावं लागतं. पहिल्यांदा खेळताना मी त्या खोलीत बराच वेळ नुसता फिरत होतो.

त्यानंतर बुकर स्वतः म्हणतो, की कॉमस्टॉकला पाळण्यातच संपवायचं. तुला खात्री आहे का, असं ती विचारते. आणि नेते नदीवर, कारण कॉमस्टॉकचा पाळणा म्हणजे ती नदी. कुणी म्हणतं हा कॉमस्टॉक, कुणी म्हणतं हा डेविट. त्यावर तो म्हणतो, मी दोन्ही आहे. अख्ख्या गेममध्ये त्याने पहिल्यांदा दोष स्वतःकडे घेतलेला असतो, आणि म्हणून तो धडपडत नाही. त्याला बुडवणाऱ्या, वेगवेगळ्या विश्वांतल्या एलिझाबेथ एकेक करून नाहीशा होतात. त्याच्या मरणाबरोबर त्यांचं असणंही जाणार हे त्यांना ठाऊक असतं. सूड घेणारा माणूस स्वतःला असं पुसून टाकत नाही. शिवाय तिथे भेटणाऱ्या एलिझाबेथच्या गळ्यात तुम्ही निवडलेला पक्ष्याचा किंवा पिंजऱ्याचा बिल्ला नसतो, आणि बुकरही गोंधळून विचारतो, तू कोण? तो निर्णय एकट्या आपल्या एलिझाबेथचा नाही, सगळ्यांचा आहे.

ज्याने डुबकी आधीच नाकारली त्याला बुडवून कॉमस्टॉक कसा थांबेल, हा आक्षेप नेहमी येतो. मी ते असं समजतो: ती त्याला आठवणीत नेत नाही, फाटा फुटण्याआधीच्या जागी उभं करते, जिथे दोघं अजून एकच आहेत. आणि एलिझाबेथ जन्मालाच आली नसेल तर बुडवलं कोणी? सायफन गेल्यावर ती विश्वांच्या बाहेर उभी आहे असं मानलं तर चालतं, पण कुठेच फट राहणार नाही असं उत्तर गेममध्ये नाही. मला ते खटकत नाही.

श्रेयनामावली संपेपर्यंत थांबला नसाल तर थांबा. 8 ऑक्टोबर 1893, बुकर खोलीत जागा होतो, शेजारून पाळण्याचे सूर येतात, तो ‘ॲना, तूच ना?’ म्हणत दार उघडतो आणि पडदा काळा होतो. पाळण्यातलं बाळ दाखवत नाहीत. मी याचा अर्थ असा लावतो, की डुबकी घेणारी फांदी मेली, नाकारणारी राहिली, आणि आता त्या दारावर मूल मागायला येणारा कुणी नाही. कर्ज मात्र कुणी फेडलेलं नाही. ते त्याच्या डोक्यावर तसंच आहे.

‘बरियल ॲट सी’ या डीएलसीचे, म्हणजे गेमला मागाहून जोडलेल्या जादा गोष्टीचे, दोन भाग नंतर, नोव्हेंबर 2013 आणि मार्च 2014मध्ये आले. एवढा कडेकोट शेवट करून पुन्हा एक कॉमस्टॉक उरलाय म्हणणं मला पटलं नाही, आणि कोलंबियातल्या बंडखोरांची पुढारी डेझी फिट्झरॉय हिच्या मृत्यूला मागाहून जोडलेलं कारण तर अजिबातच नाही. दुसऱ्या भागातली एलिझाबेथ मात्र नक्की भेटावी अशी आहे. तेव्हा खेळा, पण मूळ बायोशॉक आधी खेळा, नाहीतर त्या भागाचा शेवट हातात येणार नाही.

आणि त्याहीआधी, शक्य असेल तर आजच, इन्फिनिटची पहिली दहा मिनिटं परत खेळा. पावसात होडी चाललीय, ल्युटेस वाद घालतायत, वल्ही कोणी मारायची? त्याला, म्हणजे बुकरला, विचार ना, असा विषय निघतो. विचारून उपयोग नाही, तो वल्हवत नाही. ‘तो वल्हवत नाही?’ ‘नाही. तो वल्हवतच नाही.’ मग दुसऱ्याला उमगतं. पहिल्या वेळी मी हे वाक्य ऐकून पुढे गेलो होतो.