कोचीच्या बंदरावर खरा कारागीर भेटेल का?

वहिनी, मुंबईहून क्रूझनं कोचीला चाललाय, उतरायला एकच दिवस आहे, तेव्हा आठवण म्हणून काय घ्यावं आणि ते करणारा माणूस भेटेल का, असं विचारलंय तुम्ही. भेटेल की, पण धक्क्याच्या दारात नाही.

जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. रिक्षावाले बहुधा मट्टनचेरीच्या ज्यू टाउनमध्ये नेतात. गल्ली बघण्यासारखीच आहे, पण दुकानातला माणूस बहुतेक वेळा विकणारा असतो, घडवणारा नव्हे. त्याला आपण बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत कोल्हापुरी चप्पल घेताना विचारतो तेच विचारा: कुणी केलं, कुठल्या गावात, कशाचं? अथणीचा कारागीर जोड उलटा करून वादीची शिलाई दाखवतो, बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कसं कमावतात ते सांगतो, चपलेवरची चामड्याची वेणी घरातल्या बाईनं घातली हेही सांगतो. काम हातातलं असलं की माणूस बोलत राहतो. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल असं मानांकन, मिळालं, त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. तरी रेक्झिनचे जोड त्याच नावानं खपतातच. कोचीतही अशीच नक्कल मिळते.

केरळातली आरन्मुळा कण्णाडी म्हणजे तांबं आणि कथिल ओतून, घासून केलेला आरसा. त्यावर बोट टेकवा. काचेच्या आरशात बोट आणि प्रतिबिंब यांत फट दिसते, यात दिसत नाही. आरन्मुळा गाव मात्र लांब आहे, जहाज गाठायचं असेल तर तिकडं जाऊ नका.

त्यापेक्षा उत्तर परवूरजवळच्या चेंदमंगलम या विणकरांच्या गावाला जा. तुम्ही बेळगावातल्या विणकरांच्या वडगावच्या, मागाची ओळख तुम्हाला सांगायला नको. 2018 च्या पुरात इथल्या विणकरांचं तयार कापड चिखलात गेलं. त्या डागाळलेल्या कापडाच्या चेकुट्टी नावाच्या बाहुल्या केल्या गेल्या. विणकरांच्या सोसायटीत माग चालू असेल तर घटकाभर बसा, भाषा येत नसली तरी सूत हातात देतात. आणि तिथं आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारासारखी घासाघीस नको. दिवसभर माग चालवणाऱ्याच्या मजुरीतून पन्नास रुपये कापून आपल्या घरात काय भर पडणार?

सुटे पैसे जवळ ठेवा. आरसा घेतलात तर साडीच्या घडीत गुंडाळून हातातल्या पिशवीतच ठेवा, ओरखडा लवकर पडतो. जहाज सुटायच्या वेळेआधी दोन तास तरी परतीला लागा, कोचीच्या पुलांवर गर्दी फार असते.