ऑफर गेली ती गेली, व्हिसा सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला एच-१बी व्हिसावर (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) सॉफ्टवेअरची नोकरी, नव्या कंपनीची ऑफर हातात. सुट्टीच्या दिवशी परवानाधारक दुकानातली गांजाची गमी (चघळायची गोळी) खाल्लीत, लघवीच्या चाचणीत ते दिसलं आणि एचआरने ‘फेडरल (म्हणजे केंद्राच्या) कायद्यात गांजा बेकायदा आहे’ एवढ्याच एका ओळीत ऑफर मागे घेतली. दाद मागता येईल का?

येईल. एचआरची ती ओळ जुनी झाली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने कौल दिला होता. २०१५ मध्ये कोलोरॅडोत तर उपचार म्हणून गांजा घेणारा, हातापायांनी अधू असलेला कर्मचारीही याच मुद्द्यावर हरला. कॅलिफोर्नियात मात्र १ जानेवारी २०२४ पासून चित्र पालटलंय. गव्हर्नमेंट कोडच्या कलम १२९५४ नुसार कामाच्या वेळेबाहेर, कामाच्या जागेबाहेर गांजा घेतला म्हणून मालक नोकरी नाकारू शकत नाही. त्याने करवलेल्या चाचणीत गांजाचे नशा न आणणारे अवशेष सापडले, तरी नाही. लघवीत दिसतात ते हेच अवशेष. नशा उतरल्यावरही कित्येक दिवस दिसतात. बांधकाम मजूर, फेडरल सुरक्षा मंजुरी लागणारी पदं, ट्रकचालकांसारखी फेडरल चाचणी सक्तीची कामं यांना हे संरक्षण नाही. तुम्ही यात बसत नाही.

आता खरी मेख. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य, ‘मी शनिवारी गमी खाल्ली’, आधी खोडा. फेडरल कायद्यात गांजा आजही प्रतिबंधित आहे आणि इमिग्रेशन त्याच कायद्याने चालतं. खटला नको, शिक्षा नको. नुसत्या कबुलीवरही व्हिसा नाकारला जाऊ शकतो. आणि उद्या मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाच्या स्टॅम्पिंगला उभे राहाल तेव्हा विचारलंच, तर खोटंही बोलू नका, ते त्याहून महागात पडतं. म्हणून तक्रार कलमाच्या दुसऱ्या भागावर उभी करा: ‘माझ्या चाचणीत अमुक अवशेष सापडले म्हणून ऑफर काढून घेतली.’ एवढं पुरतं. काय खाल्लं, कधी खाल्लं, याचा तपशील तक्रारीत लागत नाही. मसुदा दाखल करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाच्या नजरेखालून घाला. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर यातलं अक्षरही नको.

ऑफर लेटर, नकाराचा ईमेल आणि लॅबचा अहवाल जपून ठेवा. अहवाल दिला नसेल तर लेखी मागा. तक्रार राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे करायची, त्याला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा घाई नाही. घाई आहे ती वेगळीच: जुन्या नोकरीचा राजीनामा दिलात म्हणता. तो मागे घेता येतो का, हे आजच विचारा. तिथला शेवटचा दिवस उलटला की नवी नोकरी, व्हिसातला बदल किंवा परतीचं तिकीट, यासाठी हाती जास्तीत जास्त साठ दिवस उरतात.